मोरपंखी रंगाचे पाच हात

रावेतच्या फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हाच मी नवऱ्याला बजावलं होतं की या घरात एक जरी पांढरी भिंत दिसली तर मी राहायला येणार नाही. त्याआधी सहा वर्षं आम्ही मारुंजीत भाड्याने राहिलो. तिथल्या मालकांना भिंतीत खिळा चालत नसे, कॅलेंडरसुद्धा फ्रिजला चिकटवावं लागे. आणि त्याआधीचं माझं सगळं आयुष्य दापोडीच्या दोन खोल्यांत गेलं, जिथे भिंतीला टेकून बसायलाच बंदी होती. ती बंदी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दर दिवाळीला ते स्वतः भिंती रंगवत आणि मग वर्षभर आम्ही भिंतीपासून वीतभर लांब बसत असू.

अप्पा एका स्कूटरच्या कंपनीत पेंट शॉपला होते. आधी स्प्रे गन चालवायचे, नंतर तपासणीला बसले. रंगवलेला पार्ट समोर आला की तो ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा, धुळीचा कण किंवा रंगाचा ओघळ दिसला की खडूने खूण करून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. घरी आल्यावरही त्यांची शिफ्ट संपत नसे. माझी वही ते तशीच तिरकी धरत. खाडाखोड दिसली की पान फाडून परत लिहायला लावत. युनिफॉर्मला इस्त्रीची दुहेरी घडी पडली की परत. शाळेत मला चित्रकलेचं पहिलं बक्षीस मिळालं ते चित्र मी धावत घरी आणलं, तर त्यांनी कोपऱ्यातल्या आभाळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथं रंग उतरलाय खाली.” बाकीच्या चित्रात काय होतं ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आई म्हणायची, त्यांची माया अशीच असते. असेल. पण त्या मायेत मी रोज नापास होत होते आणि मला त्याचा राग होता. तो राग अजून आहे.

आई गेल्यावर ते दापोडीत एकटेच राहिले. गुडघे गेले होते, एकदा गॅस चालू ठेवून झोपले. मी म्हटलं, रावेतला एक खोली तुमचीच आहे, चला. ते ऐकेनात. “लेकीच्या घरात आयतं बसून खाणारा म्हातारा न्हाई व्हायचं मला,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी वर्षभर डोकं फोडून घेतलं. शेवटी मार्ग सापडला तो कपाटामुळे.

घर सजवायला आम्ही एक डिझायनर मुलगी घेतली होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, आणि बोलताना सारखे हात हवेत फिरवणारी. तिने हॉलची एक भिंत हळदी केली, एक विटकरी. राणी रंगाचा मखमली सोफा आणला. टीपॉयला पायांऐवजी हत्तीच्या सोंडा होत्या. चपलांच्या कपाटावर तिला बुद्धाचं नुसतं डोकं ठेवायचं होतं, त्याला मात्र मी नाही म्हटलं, कारण अप्पांनी ते पाहिलं असतं तर उंबऱ्यावरूनच मागे फिरले असते. तेवढी लाज मला होती. तिचं म्हणणं, सगळं ठीक आहे, पण आल्याआल्या माणूस थबकेल असा एक स्टेटमेंट पीस हवा. जुनं, मोठं, लांबलचक, एका दणदणीत रंगाचं.

तो पीस अप्पांनीच शोधला. दापोडीतल्या एका जुन्या सामानवाल्याकडे एक बैठं कपाट धूळ खात पडलं होतं. कुठल्या तरी कँटीनमधलं असावं. सागवानी, दोन माणसं झोपतील एवढं लांब, आठ खण, दोन दारं. डिझायनर फोटो पाहूनच नाचायला लागली. रंग मोरपंखी, ती म्हणाली. आणि अप्पा फोनवर मला म्हणाले, “रंग मी मारतो. तेवढं माझ्या हातचं राहू दे तुझ्या घरात. मग येतो मी राहायला.”

मी लगेच हो म्हटलं. फार हुशारी केल्यासारखं वाटलं मला.

कपाट त्यांच्याच होणाऱ्या खोलीत ठेवलं. जुना एक सोबती चाकणला ट्रक रंगवण्याचं गॅरेज चालवतो, त्याच्याकडून ते गन आणि कॉम्प्रेसर घेऊन आले. तीन आठवडे रोज दापोडीहून रावेतला येत होते. चारी बाजूंनी प्लास्टिक टांगलं. धूळ उडू नये म्हणून फरशी ओली करायचे. पंखा बंद. अंगात धुतलेला सुती सदरा, कारण लोकरीचा धागा उडून रंगात बसतो. आधी जुनं पॉलिश उतरवलं, मग भेगांत लांबीची पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला, तोही घासला, आणि त्यावर मोरपंखी रंगाचे पाच हात. प्रत्येक हातानंतर पूर्ण एक दिवस थांबायचे. त्या दिवशीही येऊन बसायचे, बघत. गुडघ्यांचं नाव काढत नव्हते. मी त्यांना इतकं खूश आईच्या मागे पाहिलं नव्हतं, खरं तर आई असतानाही नव्हतं.

काम झालं त्या रविवारी त्यांनी मला आत बोलावलं. कपाटाच्या दारापाशी उभं केलं आणि म्हणाले, “वाक. वरची ट्यूबलाइट बघ यात.” दारात ट्यूबलाइटची रेघ दिसत होती, सरळ, कुठेही न थरथरता. नव्या स्कूटरच्या टाकीत दिसते तशी. “एक कण न्हाई,” ते म्हणाले. “शोधून दाखव.”

मी शोधला. मनापासून शोधला, आणि मला तो सापडला नाही.

दुपारी डिझायनर आली. कपाटाभोवती एक चक्कर मारली, हात हवेतच थांबले. म्हणाली, “काका, हे खूपच क्लीन झालंय.”

“थँक्यू,” अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांच्या उभ्या आयुष्यात या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता.

तिने मला बाल्कनीत नेलं. हे हॉलमध्ये ठेवता येणार नाही, म्हणाली. मोटारीच्या शोरूममधलं वाटतंय. तिला हवं होतं ते कडा झिजलेलं, रंगाखालचं लाकूड इथेतिथे डोकावणारं, तीनचार पिढ्यांनी वापरल्यासारखं. नवरा मागे येऊन उभा होता. तो म्हणाला, “राहू दे ना जसं आहे तसं. त्यांनी किती जीव ओतलाय.” डिझायनरसुद्धा मवाळ झाली. म्हणाली, हवं तर आपण हे आत बेडरूममध्ये ठेवू, हॉलसाठी दुसरं बघू.

म्हणजे मला कोणीही भाग पाडलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ओळखीत सांगताना मी सगळं त्या मुलीवर ढकलत आले आहे.

मी आत गेले आणि अप्पांना म्हटलं, “हे असं नाही चालणार. परत करावं लागेल.”

‘परत’ हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मला बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं. लहानपणापासून ज्याच्यासमोर पानं फाडून घेतली त्या माणसाचं काम मी एकदा तरी मागे पाठवत होते.

“काय राहिलंय?” त्यांनी विचारलं. ते खरोखरच दारावर वाकून बघू लागले, कुठे काय चुकलं ते.

मी समजावलं की चुकलं काहीच नाही, तेच चुकलंय. मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा पुसून बघितले. “ह्यो तर खराब माल हाय,” म्हणाले. मी म्हटलं, हल्ली असंच आवडतं. काचपेपर मारून काही ठिकाणी रंग उडवायचा. ते काम करायला कंत्राटदाराची माणसं होती, दुसऱ्या दिवशी येणारच होती. पण मी म्हटलं, “तुम्हीच करा अप्पा. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?”

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. मग बसले काचपेपर घेऊन.

तासाभराने जाऊन पाहिलं तर आठही खणांच्या सगळ्या कोपऱ्यांवर त्यांनी सारख्याच मापाचं लाकूड उघडं केलं होतं. मोजायची टेप शेजारी पडलेली. डिझायनर म्हणाली, “काका, असं एकसारखं नको. रँडम हवं.”

“रँडम म्हणजे कुठं कुठं, ते दाखवा,” अप्पा म्हणाले. “तिथं करतो.”

“तसं ठरवून नाही हो.”

“न ठरवता कसं करायचं?”

त्यांना कळतच नव्हतं आणि माझी सहनशक्ती संपत आली होती. खिडकीत सुताराचा स्क्रू ड्रायव्हर पडला होता. तो मी उचलला आणि दाराच्या मधोमध, सकाळी जिथे त्यांनी मला ट्यूबलाइट दाखवली होती तिथेच, वरपासून खालपर्यंत ओढला. फार घाणेरडा आवाज झाला. रंगाचे पापुद्रे ओल्या फरशीवर पडले.

“असं,” मी म्हटलं. “असं करायचं.”

डिझायनर मोबाइलमध्ये काहीतरी बघायला लागली. अप्पा माझ्याकडे बघत होते, कपाटाकडे नाही. मी लहान असताना असं काही करून बसले असते तर त्यांनी हात उगारला असता. आता त्यांनी फक्त मान हलवली.

“हां,” म्हणाले. “आता ध्यानात आलं.”

आणि त्यानंतर त्यांनी जे केलं ते इतकं अचूक होतं की मी दारातच उभी राहिले. खालच्या बाजूला, जिथे लहान मुलांच्या लाथा बसतात, तिथे त्यांनी रंग बोथट करून टाकला. खणांच्या मुठींशेजारी नखांनी पडतात तसे बारीक चरे ओढले. वरच्या फळीवर गरम भांडं ठेवल्याचा डाग पाडला. एका कडेला थिनरचं बोट लावून रंगाचा ओघळ आणला, आभाळातून खाली उतरतो तसा. रंग कुठे, कशाने आणि किती खराब होतो हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. जे जे त्यांनी जन्मभर खडूने खुणा करून मागे पाठवलं होतं, ते सगळं एकेक करून त्यांनी आपल्याच कामावर उतरवलं. संध्याकाळपर्यंत कपाट शंभर वर्षांचं झालं. डिझायनरने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, काका, तुम्ही आर्टिस्ट आहात. अप्पांनी हात हळूच सोडवून घेतले आणि रॉकेलने धुतले.

वास्तूला माझ्या ऑफिसची दहाबारा माणसं आली. सगळी कपाटापाशी थबकली, ठरल्याप्रमाणे. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, कुठून आणलं? अप्पा सोफ्याच्या टोकाला नव्या सदऱ्यात बसले होते, मखमलीला पाठ न टेकता. मी त्यांच्याकडे बघत बघतच म्हटलं, “जोधपूरहून. एका जुन्या हवेलीतलं आहे.”

का म्हटलं मी ते? दापोडीचं नाव नको होतं, हे एक. आणि दुसरं हे की त्यांच्या तोंडासमोर ते म्हणायचं होतं.

त्या बाईंनी अप्पांना विचारलं, “हो का काका? इतकं जुनं?”

“व्हय,” अप्पा म्हणाले. “लई जुनं हाय. वापरून वापरून असं झालंय.”

माणसं गेल्यावर त्यांनी पिशवी उचलली. कपडे आणलेच नव्हते, पिशवीत नुसता डबा होता. दापोडीला सकाळी पाणी येतं, भरायला कोणी नाही, म्हणाले. मी म्हटलं, रविवारी सामान घेऊन येते तुमचं. बघू, म्हणाले. तो रविवार गेला, पुढचेही गेले. दरवेळी काहीतरी निघायचं. गल्लीत कुणाचं लग्न, कुणाचं मयत, दवाखान्याची तारीख.

शेवटी मी फोनवर चिडले. म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. रंग मारला की येतो म्हणाला होतात. गॅसची भीती वाटते मला. कधी येणार ते एकदाचं सांगा.

“न्हाई जमायचं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. “घर चांगलं केलंयस. पण ते कपाट रोज समोर दिसणार. माझे हात शिवशिवतील. तू ऑफिसला गेलीस की एखाद दिवशी मी ते नीट करून टाकीन.”

मी हॉलमध्येच उभी होते. दुपारचं ऊन हळदी भिंतीवरून कपाटावर आलं होतं आणि ते फार देखणं दिसत होतं. एकच वाक्य म्हणायचं होतं: करा नीट, या. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

“मग राहू दे, अप्पा,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले, आणि जेवलीस का विचारून फोन ठेवला. त्यांच्या खोलीत मी आता ऑफिसचं टेबल टाकलं आहे.