सोफेवाल्याची लेक आणि थेंब

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं घर दुकानाच्या मागेच होतं. लेकीला ऑटिझम. चांगली उंचीपुरी बाई झाली, तरी घरात ती चिमणीच. हातोडीचा आवाज झाला की ती मनगट चावायची, रक्त येईपर्यंत. त्यामुळे खिळे ठोकायचं काम तो ती अंघोळीला गेली की उरकायचा.

एकदा डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि त्याच्या बायकोला एका चाचणीबद्दल सांगितलं. गांजाच्या झाडातून काढलेल्या औषधाचे थेंब, रोज जिभेखाली. काहींना खरं औषध, काहींना नुसतंच तेल; कुणाला काय, ते शेवटपर्यंत बाईंनाही कळणार नव्हतं.

तो ताडकन उठला. "गांजानं माझा सख्खा भाऊ गिळला, बाई. आता लेकीलाही त्याच वाटेला लावू?"

"नशेचा अंश त्यातून काढलेला असतो," बाई म्हणाल्या. "पण गुण येईलच, असं मी म्हणणार नाही. तेच तर तपासायचंय."

घरी बरेच दिवस अबोला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, भावजींचं राहू द्या. हिचं मनगट बघा." त्यानं बघितलं आणि होकार दिला.

थेंब सुरू झाले. चिमणी रात्रभर झोपू लागली, जखम सुकली. बायकोला आनंद मावेना. त्याला मात्र वेगळंच दिसत होतं. चिमणी जेवत नव्हती, दिवसाही पेंगायची. दुकानातल्या कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे लावत गुणगुणायची तिची सवय, तीही बंद.

"ती शांत झालीय की विझलीय, ते कळत नाही," तो बाईंना म्हणाला. त्यांनी थेंब कमी केले. गुणगुणणं परतलं; चावणंही, थोडंसं.

चाचणी संपल्यावर कळलं, चिमणीला खरंच औषध मिळालं होतं.

"म्हणजे गुण औषधाचाच?" बायकोनं विचारलं.

"नुसतं तेल घेणाऱ्यांतही पुष्कळांना बरं वाटलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीपुरतं म्हणाल, तर उपयोग झाला असावा. छातीठोकपणे नाही सांगता येत."

भावावरचा राग आणि लेकीबद्दलची आशा इतकी वर्षं त्यानं वेगवेगळी सांभाळली होती. आता दोन्ही थेंबांच्या एकाच बाटलीत आली होती, आणि बाटली काही ठाम सांगत नव्हती.

"चालू ठेवायचं?" बायकोनं बाहेर आल्यावर विचारलं.

"ठेवू. पण कमीच. आणि ती तोंड फिरवेल त्या दिवशी द्यायचं नाही."

तसंच चाललंय. कधी चिमणी आपणहून आ करते, कधी तोंड फिरवते. बायको शेजारणींना सांगते, थेंबांनी पोर सुधारली. तो ऐकतो आणि सोफ्याचं कापड ताणत राहतो.