आत्याच्या वाट्याची भिंत

हुबळीहून तारिहाळचे कारखाने मागं टाकून पुढं गेलं की काळ्या रानात एक गाव लागतं, आणि गावाच्या तोंडालाच चर्च. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती शाळाच वाटली. ना मनोरा, ना रंगीत काचा. मंगळुरी कौलांचं लांबच लांब उतरतं छप्पर, टोकदार कमानीच्या खिडक्या, आणि घंटा म्हणावी तर तीही बाजूला दोन दगडी खांबांवर टांगलेली. "ही कुठली शाळा गं?" असं मी मोठ्यानं विचारलं, तर आईनं मला चिमटाच काढला. आत प्रार्थना चालली होती.

आम्ही तिथं चोरून जायचो. अप्पांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, त्या गावच्या ख्रिस्ती मास्तरांशी लग्न करून गेली होती आणि याच चर्चमध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला होता. त्या दिवसापासून अप्पांनी तिचं नाव टाकलं. देशपांडे नगरातल्या आमच्या घरात तिचा विषय निघाला की अप्पा ताटावरून उठायचे. मग आई काय करायची, नाताळच्या सुमारास "मठात जाऊन येते" म्हणून मला घेऊन बस धरायची. येताना पिशवीत आत्यानं साच्यानं तळलेली, गुलाबाच्या आकाराची बिस्किटं. मठात बिस्किटांचा प्रसाद कधीपासून मिळायला लागला, हे अप्पांनी कधी विचारलं नाही. डबा मात्र रिकामा व्हायचा. एकदा तर म्हणाले, "यंदा मठवाल्यांनी साखर हात आखडून घातलीय." वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणजे काय, ते मी घरातच शिकले.

चर्चची गोष्ट मला आत्यानं सांगितली. इंग्रजांच्या काळात जर्मन पाद्री आले. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, भिंतींना तडे जातात, म्हणून त्यांनी पुरुषभर खोल पाया खणवला आणि जोतं उंच घेतलं. सागवान दांडेलीच्या जंगलातून बैलगाड्यांनी आलं. कौलांमध्ये मधूनमधून काचेची कौलं बसवली. दुपारी त्यातून उन्हाचे चौकोन खाली जमखान्यावर पडायचे. आत बाक नाहीत. चपला बाहेर काढायच्या, बायकांनी एका दारानं जायचं, पुरुषांनी दुसऱ्या, आणि जमखान्यावर मांडी घालून बसायचं. समोर एक लाकडी क्रूस, एक मेज, वर कमानीवर कानडीत रंगवलेलं एक वचन. बस्स. मला तो रिकामेपणा फार आवडायचा. आमच्या घरात देवांची इतकी गर्दी, की बोलायचं कुणाशी तेच कळायचं नाही!

पण खरी गंमत बाहेरच्या भिंतीची. चर्च बांधताना गावातल्या ख्रिस्ती घरांनी भिंत वाटून घेतली होती. या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत ज्यानं दगड वाहिले, तेवढी भिंत त्याच्या घराची. दर नाताळाआधी ज्याच्या वाट्याला त्यानंच चुना द्यायचा. कुणी नीळ जास्त घालायचं, कुणी डिंक. त्यामुळं रस्त्यावरून पाहिलं तर एक पट्टा निळसर, एक साईसारखा, एक पांढराफेक. गावातला कुणीही बोट दाखवून सांगायचा, ही अमक्याची, ही तमक्याची. आणि एक नियम होता. हात घरचाच हवा. ज्या घरात हात उरला नाही, त्याची भिंत शेजारच्या घराकडं जायची, कायमची.

आत्याला मूलबाळ नव्हतं. मास्तर होते तोवर दोघं मिळून चुना द्यायची. ते गेले, आणि पुढच्याच वर्षी ती अंगणात पडली. तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या नाताळाआधी स्कूटर घेऊन एकटीच गेले, तर सगळ्या भिंतीत गेल्या नाताळात चुना न लागलेला तिचाच पट्टा पावसाच्या ओघळांनी काळा.

"शेजारचे देतो म्हणतात की चुना," ती म्हणाली. "देऊ दिला की भिंत त्यांची. मग मी इथं कोण? सासरचं कुणी उरलं नाही. तेवढी भिंत आहे म्हणून मी या गावची."

"मी देते. आण कुंचा."

"अप्पाला विचारून आलीस?"

मी कुंचा शोधायला लागले.

"मग राहू दे. चोरून आलेला हात मला नको."

अशी चिडले मी! म्हटलं, हट्टीपणात भावाबहिणीनं एकमेकांना हार जायचं नाही असं ठरवलंय काय! चहा न घेता निघाले. वाटेत मात्र डोळे इतके भरून यायला लागले, की गोकुळ रोडच्या अलीकडं गाडी बाजूला घ्यावी लागली.

पुढच्याच आठवड्यात त्या चर्चचे एक म्हातारे पंच आमच्या दुकानात आले. आमचं दुकान रंगाचं. मी गल्ल्यावर बसले होते. हुबळीत दुकानदाराला सावकारच म्हणतात. "सावकार," ते म्हणाले, "सगळ्या देवालयाला एकच रंग द्यावा म्हणतो. डिस्टेंपर. आता वाटेबिटे बंद. एका विधवा बाईची भिंत काळी पडलीय, दुसऱ्याला हात लावू देत नाही. भारी हट्टी." मास्तरांची बायको ह्याच सावकारांची बहीण, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

माझा जीव टांगणीला लागला. अप्पा कॅटलॉग उलटत होते. उलटता उलटता थांबले.

"डिस्टेंपर मिळणार नाही," ते म्हणाले. "चुन्याची भिंत आहे, खालून काळ्या जमिनीची ओल चढते. वर्षभरात पापुद्रे निघतील. देवाचं घर आहे, मी विकणार नाही."

आता, मातीच्या जुन्या घरांना हाच डिस्टेंपर अप्पांनी बिनदिक्कत विकलेला मी याच डोळ्यांनी पाहिला होता. पण मी कशाला बोलते?

"मग त्या बाईचं काय करू?"

"चुना कधी देता तुम्ही?"

"शनिवारी. रविवारी आम्ही कामाला हात लावत नाही."

"शनिवारपर्यंत थांबा," अप्पा म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

शनिवारी, भर धंद्याच्या दिवशी, दुकानाला कुलूप. मागच्या अंगणात पिंपात चुना भिजत पडला होता, कधी घातला कुणास ठाऊक. अप्पांनी दोन डबे भरून टेम्पोत ठेवले, मीही न विचारता चढून बसले. आईनं विचारलं, "कुठं निघालात?"

"मठात," अप्पा म्हणाले. आई पदर तोंडाला लावून आत पळाली.

चर्चभोवती सगळं गाव कामाला लागलं होतं. शिड्या, बादल्या, पोरांच्या अंगावर चुन्याचे शिंतोडे. आत्या तिच्या भिंतीपाशी पायऱ्यांवर एकटी उभी होती. अप्पांना पाहून ती जागची हलली नाही. अप्पांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, कुणाची तरी शिडी ओढली आणि वर चढले.

कुंच्याचे चार हात मारून झाले. मग आत्या म्हणाली, "वरून खाली ओढ, अण्णा. आडवा मारलास की ओघळ येतात."

इतक्या वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य, आणि तेही हे!

"रंगाचं दुकान माझं आहे," अप्पा वरून म्हणाले.

"नीळ जास्त झालीय."

"गप बस गं."

मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. तेवढ्यात ते म्हातारे पंच फिरत फिरत आले. अप्पांना ओळखून त्यांनी आधी हात जोडले, पण नियम तो नियम. ते आत्याकडं वळले. "हा हात कुठल्या घरचा, अक्का?"

आत्या शिडीकडं वर बघत राहिली. ते सांगायचा हक्क तिच्याकडं नव्हता. तो तिच्याकडून ज्यानं काढून घेतला होता, तो शिडीवर उभा होता.

अप्पांचा कुंचा थांबला. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. तोंड भिंतीकडंच ठेवून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी कानडीत सांगितलं, "तवरमनी." माहेर. आणि मग मराठीत, जरा खाली, फक्त तिच्यासाठी, "हिच्या माहेरचा हात आहे. दरवर्षी येईल." "म्हणजे घरचाच," म्हणत पंच पुढच्या भिंतीकडं गेले.

आत्या मटकन पायरीवर बसली आणि चारचौघांत ओक्साबोक्शी रडली. मी तिला धरलं. अप्पा काही खाली उतरले नाहीत. अर्धी भिंत अजून राहिली होती.