विसण कोणी घातलं?

मंडळी, घरात भुताखेताचा विषय निघाला की सगळ्यात आधी हसणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण लिहितो.

गेल्या वर्षी मी आणि बायको सिंगापूरला लेकीकडे गेलो होतो, पासिर रिसला. फिरून फिरून माझ्या कमरेचा पार भुगा झाला, तेव्हा लेकीने तांजोंग पगार भागातल्या एका शॉपहाऊसमध्ये, म्हणजे खाली दुकान वर घर अशा जुन्या इमारतीत, माझ्यासाठी 'हॉट स्टोन बाथ' बुक केला. लाकडी टब, त्याच्या एका टोकाला भोकं पाडलेली फळी. फळीपलीकडे बाहेरच्या झरोक्यातून तापवलेले दगड सोडतात. पाणी गरम करायला एवढी यातायात...

"स्टेंट घातलाय, लक्षात आहे ना?" बायको म्हणाली. "लवकर बाहेर या. मी इथेच बसते."

तिथल्या आंटीनेही बजावलं, "अंकल, डोन्ट लॉक द डोअर, ओके?"

मी मान डोलावली, आत गेलो आणि कडी लावली. दार उघडं ठेवून अंघोळ आमच्या पिढीला जमत नाही.

आधी अगदी स्वर्ग. मग आणखी दगड पडले. पाणी चटके देऊ लागलं, छाती धडधडायला लागली. उठायला गेलो तर पायांत जीव नाही. बेल हाताशी होती, पण हात उचलेना. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोंडातून निघालं – "विसण घाल गं..." पन्नाशी उलटलेला गृहस्थ, सिंगापुरात, विसण मागतोय.

"आले," मागून बाईचा आवाज आला. शांत, स्वच्छ मराठी. खांद्यावरून गार पाणी टबात पडलं. "बास?"

"अजून थोडं," मी सवयीने म्हणालो.

पाणी कोमट झालं. कठड्याला धरून कसाबसा उठलो, मागे वळलो. मागे नुसती भिंत. कडी आतून तशीच.

दार उघडलं तर समोर बायको, रडवेली.

"तू आत आली होतीस?"

"कशी येणार? कडी लावून बसलात ना. केव्हाची दार वाजवतेय मी."

आंटीने टबात हात घातला आणि माझ्यावरच वैतागली. "अंकल, हू पुट कोल्ड वॉटर? इनसाइड नो टॅप, लाह –" आणि तिने चटकन हात टबातून बाहेर काढला.

लेक म्हणते, "बाबा, यू फेंटेड, दॅट्स ऑल." असेल. पण मला भोवळ आली म्हणून टबातलं पाणी कसं गार होईल?

परतताना एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, बायकोने माझं मनगट सोडलं नाही. एकदाच विचारलं, "ओळखीचा आवाज होता?"

नव्हता. आईचा असता तर निदान रडून मोकळा झालो असतो. ही कोण होती, आणि मी हाक मारेपर्यंत माझ्यामागे किती वेळ उभी होती, हे मला अजूनही कळलेलं नाही.