चांगुणाबायचा धवला आणि माझा बारीक लॅपटॉप

स्वारगेटला हरिहरेश्वरची एसटी पकडली तेव्हा पाठीवरचं ओझं निम्म्यानं कमी झालं होतं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला त्याचा रागच येत होता. माझा जुना लॅपटॉप विटेसारखा जड. पण त्याच्या कडांना हवी तितकी भोकं होती. माइक जोडायच्या पेटीची वायर घाला, कार्ड घाला, पडद्याची वायर घाला, कुणाला नाही म्हणायचा नाही तो. अखेर एक दिवस तो चालूच होईना. मग माझ्या भाच्यानं, निखिलनं, हौसेनं नवा आणून दिला. वहीइतका बारीक, आणि एका कडेला फक्त दोन चपट्या फटी.

"बाकीची भोकं कुठं गेली रे?"

"मावशी, आता ती कुणाला लागत नाहीत."

"मला लागतात ना! मी कुणीच नाही का?"

तो हसला आणि वीतभर वायरीचा एक जोड माझ्या हातात ठेवला. एका टोकाला चपटी जीभ, दुसऱ्या टोकाला जुन्या पद्धतीचं रुंद भोक. जीभ लॅपटॉपमध्ये खुपसायची आणि भोकात माझ्या पेटीची वायर घालायची. आमच्या घरात त्याचं नाव त्याच दिवशी 'शेपूट' पडलं.

मी ध्वनिमुद्रण करते. गावोगाव फिरून गाणी, ओव्या, आरोळ्या टिपते. या खेपेला निघाले होते ती उरणजवळच्या एका आगरी गावातल्या चांगुणाबायसाठी. ती धवलारीण (लग्नातले विधी धवला नावाच्या गाण्यातून पार पाडणारी बाई). तिच्या गळ्यात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं, आणि नंतर आवाज राहील याची डॉक्टर हमी देत नव्हते. तिची नात प्राची उरणच्या कॉलेजात शिकते, तिनंच मला फोन केला होता. "मावशी, शेजारच्या वैशालीच्या हळदीला आजी शेवटचा धवला गाणार आहे. तेवढा नीट घ्या. माझ्या लग्नात आजीचाच धवला पाहिजे मला."

पुण्याहून उरणला जायला हरिहरेश्वर वाटेत लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण हळदीला अवकाश होता आणि मला तिथल्या लाटांचा आवाज हवा होता. म्हणून हा वाकडा रस्ता.

म्हसळा मागे टाकलं की घाटाच्या एका वळणावर अचानक समुद्र दिसतो आणि गाडीतले सगळे उगाचच ताठ बसतात. हरिहरेश्वरला खाणावळीत उकडीचा मोदक आणि वाटीभर सोलकढी पोटात गेली आणि माझा राग बराच उतरला. ओहोटी बघून प्रदक्षिणेच्या वाटेनं खाली उतरले. दोन कड्यांमधल्या पायऱ्या संपल्या की थेट खडकांवर पाय पडतो. खडकांना लाटांनी अशी काही जाळी पाडली आहे की बघत राहावं. मी बघतच राहिले. माइक लावला, पेटी मांडीवर घेतली, लॅपटॉप पदराखाली धरला आणि तास कसा गेला कळलं नाही.

"ओ ताई, उठा! पाणी वळलं!" वरून हारवाली बाई ओरडली.

उठले, सगळं गोळा केलं, शेपूट पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबलं. तेवढ्यात एक लाट कमरेपर्यंत भिजवून गेली. लॅपटॉप वाचला, पेटी वाचली, माइक वाचले. बाहेरचा कप्पा मात्र उघडाच राहिला होता. शेपूट फेसावर क्षणभर दिसलं आणि गेलं. लाखमोलाच्या वस्तू सोडून समुद्रानं नेमकी तीच उचलावी! मी त्या खडकावर उभी राहून मोठ्यानं शिव्या दिल्या, देवळाच्या दारात.

श्रीवर्धनला मोबाइलच्या दुकानांत तसलं काही मिळेना. सगळ्यांनी एकच सांगितलं, म्हसळ्याला इक्बालभाईंकडे बघा. इक्बालभाईंचं दुकान एसटी स्टँडजवळ, काउंटरच्या आत माणूस कमी आणि वायरी जास्त. त्यांनी माझा लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला.

"बाई, या कंपन्यांची कमाल आहे बघा. आधी घराचे दरवाजे बंद करायचे, मग शिडी विकायची."

"अगदी बरोबर बोललात!" मला इतकं बरं वाटलं की मी स्टुलावर बसूनच घेतलं.

त्यांच्याकडे एक लहानसा जोड होता, बोटाच्या पेराएवढा. तो देताना ते म्हणाले, "पेन ड्राइव्हला उत्तम चालतो. पण तुमच्या पेटीची वायर जड आहे. या फटीत तशी पकड नसते. मी भरवसा देत नाही. चांगला मागवतो, दोन-तीन दिवसांत येईल, इन्शाल्ला."

हळद परवावर आली होती. मी तो पेराएवढा जोड घेतला, फोन नंबर दिला आणि पनवेलवरून जाऊन तिथं नीट शेपूट घ्यायचं असं ठरवलं. मग अलिबागच्या लॉजवर मुक्काम पडला. रात्री जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी असं जेवले, आणि खोलीत येऊन जोड लावून पाहिला. झकास चालला. माझंच बोलणं टिपलं, ऐकलं, एक खरखर नाही. मग कशाला पनवेलचा फेरा, त्या कंटेनरच्या रांगांमध्ये अडकायला? रेवसहून लाँचनं करंजाला उतरायचं आणि तासाभरात गावात. हा माझा शहाणपणा. आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

खाडी मात्र सुरेख होती. करंजाच्या धक्क्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, पुढे रिक्षातून दिसणारी मिठागरं, आणि मिठागरांच्या पलीकडे डोंगरासारखे रचलेले रंगीत कंटेनर. रिक्षावाला म्हणाला, "आमचं पन मीठगर होतं तिथं. आता माजाच ट्रेलर तिथनं माल उचलतो." त्यात तक्रार होती की फुशारकी, मला कळलं नाही.

चांगुणाबाय ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. लहानखुरी, हिरव्या लुगड्यातली, दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले.

"ये गो बाय. पानी पी आदी. मंग तुजी मशीन दाखव."

मी म्हटलं, "आजी, उद्या गर्दी असेल. आत्ताच थोडं गाऊन दाखवाल का? एक प्रत हाताशी राहील."

तिनं सूप खाली ठेवलं. "मांडव न्हाय, हलद न्हाय, मंग देवाना कशाला बोलवू? आले तं त्याना काय सांगू, पुन्याची बाय मशीन तपासते?"

प्राची हसली. मीही हसले. तिनं जन्मात मांडवाबाहेर धवला म्हटलेला नाही, हे प्राचीनं मग मला सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली. धवल्यात नवरीचं नाव घालतात. वैशालीच्या आईला विचारून आजीनं ठरवलं होतं की शेवटचं कडवं प्राचीच्या नावानं गायचं. तेवढं ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं आणि प्राचीच्या हळदीला मांडवात लावायचं.

"माजा गला ऱ्हावो न ऱ्हावो," चांगुणाबाय म्हणाली, "हिचं नाव माज्या तोंडून आलं पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात मी चांगुणाबायच्या पायाशी जागा धरली. मोबाइल बंद करून पिशवीत टाकला, कारण तो माइकजवळ चालू असला की आवाजात घरघर येते. ही माझी फार जुनी सवय. हळद उडेल म्हणून लॅपटॉपवर टॉवेल घातला. हेडफोन कानावर चढवला. वैशालीला पाटावर बसवलं, चांगुणाबायनं घसा खाकरला, आणि माझ्याकडे बघून थांबली.

"कान झाकून बसू नको गो. देव येतान मांडवात. तू त्याना कान बंद करून दाखवतेस?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. दुसरं काय करणार होते?

मग ती गायली. गाठ असलेल्या गळ्यातून तो आवाज कसा येत होता कोण जाणे. आधी गावदेवीला बोलावलं, मग वेशीवरच्या देवाला, मग समुद्राला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन. मग हळद आली, तांदूळ आले, वैशालीची आई रडायला लागली. एका बाईनं माझ्याही गालाला हळद फासली. शेवटच्या कडव्याला चांगुणाबायनं मान वळवून प्राचीकडे पाहिलं आणि तिचं नाव घेतलं. साधं नाव, पण असं लांबवलं की प्राची तोंडात पदर कोंबून उभी राहिली. मलाही रडू आवरेना. वाटलं, जन्माचं सार्थक झालं बाई.

टॉवेल उचलला. पडद्यावर लिहिलं होतं की उपकरण सापडत नाही.

पेराएवढा जोड फटीतून नखभर बाहेर आला होता. पेटीच्या वायरीचं वजन, बायकांची ये-जा, कुणाच्या तरी पायाचा धक्का, काहीही झालं असेल. जुन्या लॅपटॉपची वायर ओढली तर अख्खा लॅपटॉप ओढला जायचा, पण वायर सुटायची नाही.

"लाव, आयकू दे," चांगुणाबाय म्हणाली. बायका गोळा झाल्या. मी लावलं. गावदेवी आली, वेशीवरचा देव आला, समुद्र आला, आणि आवाज तुटला.

"फुडचं?"

"पुढचं नाही आलं, आजी." माझी मान वर होईना. "वायर सुटली."

मग तीच म्हणाली, "म्हंजे देवाना बोलावलं, आन् जेवन न्हाय वाढलं."

मी तिचे हात धरले. मांडव अजून उभा आहे, हळद ओली आहे, एकदाच गा, नुसतं शेवटचं कडवं गा म्हणून विनवलं. तिनं मान हलवली. "लागलेली हलद परत लावतान का गो?" आणि हे बोलतानाच तिचा आवाज फाटला. गळा संपलाच होता.

प्राची मांडवभर फिरली. मोबाइल प्रत्येकीच्या हातात होता. पण ज्यांनी चित्रण केलं त्यांनी आधीच त्यावर कुठलं तरी सिनेमाचं गाणं चढवून पाठवून दिलं होतं, मूळ चित्रण कुणाकडेच उरलं नव्हतं. वैशाली हसताना दिसत होती, चांगुणाबायचे ओठ हलताना दिसत होते, आवाज भलताच.

परतीच्या लाँचवर फोन वाजला. इक्बालभाई. "बाई, तुमचा चांगला जोड आला बघा. एक नंबर आहे." मी त्या भल्या माणसावर खेकसले, "आता काय त्याची पूजा करू?" मग लाज वाटली आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी पाठवून देतो. ठेवा तुम्ही."

पुण्यात आल्यावर निखिल म्हणाला, "मावशी, खरं तर मोबाइलवरही छान येतं आता." त्याची चूक नाही. त्याला कधी असं काही टिपायचंच नव्हतं, जे पुन्हा होणार नाही. ज्यांनी ती भोकं बुजवली त्यांनाही बहुतेक नसावं. एवढीशी जागा वाचवली हो त्यांनी. बोटभर जाडी! कुणी मागितली होती?

दुरुस्तीवाल्याच्या मागे लागून मी जुना लॅपटॉप चालू करून घेतला. ऑपरेशननंतर चांगुणाबाय घरी आल्याचं कळलं तेव्हा तोच पाठीवर टाकून निघाले, या वेळी सरळ पनवेलवरून. काय टिपायला चालले होते, मला सांगता आलं नसतं. भेटायला चालले होते म्हणा.

तिच्या गळ्याला पट्टी होती. बोलली की नुसता वारा यायचा. तिनं माझ्या पिशवीतला तो जड लॅपटॉप पाहिला, आणि प्राचीला खुणेनं काही सांगितलं. प्राची परसातून आंब्याचा टाहाळा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला बांधू लागली.

मला काही कळेना. चांगुणाबायनं मला जवळ बोलावलं, आणि कानाशी तोंड आणून तो वारा मला म्हणाला, "आता आवाजच न्हाय. मंग नियम कसला?"

मी पेटी काढली, वायर लॅपटॉपात घातली. खट्ट आवाज करून ती बसली. प्राची दारात टाहाळ्याच्या त्या मांडवाखाली पाटावर बसली. चांगुणाबाय तिच्यासमोर बसून दोन्ही हातांनी मांडीवर ठेका धरून गायली. म्हणजे ओठ हलले. गावदेवीपासून सुरुवात, एकही देव गाळला नाही. मी हेडफोन हातातसुद्धा घेतला नाही. मधूनमधून प्राची ओठ वाचून एखादा शब्द पुटपुटायची, बहुतेक वेळा चुकायची. शेवटी चांगुणाबायचे हात थांबले, आणि तिनं प्राचीच्या तोंडासमोर तोंड नेऊन तिचं नाव लांबवलं.

घरी येऊन ऐकलं. संपूर्ण आलं आहे, एक खरखर नाही. श्वास आहेत, लांबून जाणारा एक ट्रेलर आहे, आणि सगळा वेळ बांगड्या आहेत. परवा प्राचीचा फोन आला, तिचं लग्न ठरलं. "मावशी, ते बांगड्यांचं पाठवा. हळदीला तेच लावू." मी पाठवलं, आणि कुठे कान द्यायचा तेवढं सांगितलं. अगदी शेवटी बांगड्या थांबतात. तिथे तिचं नाव आहे.