मामांचा तोबरा

माझ्या थोरल्या मामांनी उभ्या आयुष्यात कोणाचं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नव्हतं, असं मी देवासमोर शपथेवर सांगेन. रत्नागिरीत त्यांच्याकडे बोलायला म्हणून जाणारा माणूस ऐकून परत येई. शेजारचे तात्या एकदा 'तुमच्या परसात गुरं...' एवढंच म्हणाले, तोच मामांनी गुरांच्या जाती, त्यांचं दूध आणि ते कोणत्या प्रकृतीला मानवतं, हे सांगायला घेतलं. ते थांबेपर्यंत माठाचा अख्खा वाफा गुरांच्या पोटात गेला होता. 'मग आधी बोलायचंत की हो,' असं वर तात्यांनाच म्हणाले.

अशा घरात त्यांचा विनू मुंबईची नोकरी सोडून आगबोटीने परत आला नि बोलेनासा झाला. धड जेवेना, माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी तेव्हा नुकताच शाळामास्तर झालो होतो आणि मामांकडेच राहत होतो. आम्ही सगळेच चक्रावलो. मामी दृष्ट काढी, वैद्य पित्त म्हणत आणि मी कादंबऱ्या वाचून प्रेमभंग ठरवून टाकला होता. मामा तर उशाशी बसून समुद्रस्नानापासून सूर्यनमस्कारांपर्यंत सारे उपाय ऐकवत. विनूने 'अण्णा, मला...' म्हटलं की पुढचं वाक्य मामाच पुरं करत आणि तो पुन्हा भिंतीकडे वळे.

एका सकाळी मामीला तो विहिरीत टक लावून बघताना दिसला. तिने त्याला हाताला धरून पडवीत आणून बसवलं आणि मामांना गाठलं.

'अहो, तुम्ही जरा गप्प बसलात तर पोर बोलेल.'

'अगो, मला गप्प बसता येत नाही. करून पाहिलंय मी,' मामा कासावीस होऊन म्हणाले.

मग त्यांनी तंबाखूचा दुहेरी विडा तोंडात कोंबला आणि विनूशेजारी जाऊन बसले. त्या तोबऱ्यातून हुंकाराखेरीज काही निघेना. बऱ्याच वेळाने विनूच बोलू लागला.

'जाग आली की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, अण्णा. कारण काहीच नाही. कारण असतं तर सांगितलं असतं.'

मामा थुंकायला अर्धवट उठले, तसा तो थांबला. मामा पुन्हा खाली बसले. विनू बोलत राहिला आणि मामा तो सगळा रस गिळत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते तंबाखूमुळे होतं की मुलापायी, हे दारात उभ्या असलेल्या मला काही ठरवता येईना.

दुपारी मामा ओकून ओकून आडवे झाले. मामीने लिंबू पिळता पिळता विचारलं, 'काय सांगितलंन त्यानं?'

'मला काही समजलं नाही गो,' मामा क्षीण आवाजात म्हणाले. 'पण बोलू दिलं त्याला.'

विनूला नेमकं काय झालं होतं, ते मलाही कधी उमगलं नाही, आणि तो पुरता बरा झाला असंही म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो आपणहून उठून पानाचा डबा घेऊन पडवीत आला आणि मामांसाठी विडा लावू लागला. चुना, कात, सुपारी, सारं त्याने हलक्या हाताने घातलं. तंबाखू तेवढा घातला नाही.