नळाची खोली आणि आमचा रविवार

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत लूमला सुट्टी असायची शुक्रवारी आणि आम्हा ख्रिस्ती माणसांचा दिवस रविवार. हे लूमवर कापड विणायचे. रविवारी सकाळची पाळी जोडीदाराशी बदलून घ्यायचे आणि आम्ही दोघं टेमघरला चालत जायचो. तिथं एका बिऱ्हाडात उपासना भरायची. माणसं मूठभर, पण ढोलकी ह्यांच्या हातात, त्यामुळे दणका लग्नघराचा.

एक दिवस शेठ ह्यांना म्हणाले, तुला मुकादम करतो. पगार वाढणार, वर कारखान्यामागची खोली, आणि खोलीत नळ! घरात नळ म्हणजे काय, ते सरकारी नळावर झिंज्या धरून भांडलेल्या बाईलाच कळेल. बाजारात तुरी म्हणतात, तशातली मी. लगेच रांगेत जाहीर करून टाकलं, "आता माझा हंडा इथं दिसायचा नाही."

अट एकच होती. मुकादमाला पाळी बदलता येत नाही. रविवारी सकाळी कारखान्यात हजर राहायचं.

माझं डोकं भारी चालतं. "अहो, त्यात काय! उपासनाच शुक्रवारी घेऊ. सगळे लूमवालेच आहेत, सगळ्यांना सुट्टी." स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी चहात जास्तीचं दूध घातलं.

हे बशी फुंकत म्हणाले, "शुक्रवारी प्रभू वधस्तंभावर गेला. मेलेल्यांतून उठला तो रविवारी. तू काय त्याला दर आठवड्याला तिथंच टांगून ठेवणार?"

मी चिडले. भांडी आपटली. "म्हणजे मी जन्मभर हंडेच वाहायचे!" मग ह्यांचं ते गंभीर तोंड आणि मिशीला लागलेली साय दिसली, आणि मला जे हसू फुटलं ते आवरेचना. हेही हसायला लागले. हसत हसतच उठले, शेठकडे गेले आणि नाही सांगून आले.

"काय म्हणाले शेठ?"

"म्हणाले, 'पागल है क्या? ऐसा मौका फिर नहीं आएगा.' मी म्हटलं, मालूम है, शेठ."

खोली हातची गेली होती, पण रविवार आमचाच राहिला होता, आणि आम्ही दोघं लॉटरी लागल्यासारखे नाचत होतो. इतकं हलकं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. शेजारीण म्हणाली, "काय गं, तू तर नव्या खोलीत जानार होतीस ना?"

"ह्यांनी सोडली. रविवारी उपासनेला जायचं म्हणून."

अख्खी रांग माझ्याकडे वळली. "अगं बाय! असं काय हाय तुमच्या त्या रविवारात?"

आता हे सांगायचं कसं? मी सरळ आमचं उपासनेतलं गीतच सुरू केलं. टाळ्या वाजवत. पुढच्या बाया हसल्या, मागच्या "सरक गं पुढं" म्हणून ओरडल्या, मी काही थांबले नाही. नळाचं पाणी गेलं तेव्हा माझं शेवटचं कडवं चाललं होतं आणि हंडा रिकामाच होता.