कोरे राहिलेले शनिवार-रविवार

मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेजात पाऊल टाकता येत नसे, आणि आमच्या हिर्डोशीतून तोवर मॅट्रिकला कुणी बसले नव्हते. मी भोरला एका शिंप्याच्या घरामागच्या खोलीत राहायचो. स्वयंपाक हातानेच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरची वाट धरायची आणि रविवारी आठवड्याचे पीठ-तांदूळ पाठीवर घेऊन परत यायचे.

शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर मी वहीच्या जोडपानावर आठवडा आखला. माझे गणित कच्चे, म्हणून त्याला चार सकाळी दिल्या. बाजाराच्या दिवशी बाहेर गलबला फार, म्हणून त्या दिवशी नुसते पाठांतर. शनिवार-रविवारचे रकाने तेवढे कोरे राहिले.

घरी गेल्यावर ते पान मोठ्या भावाला दाखवले. दादाला वाचता येत नव्हते, पण त्याचे बोट नेमके तिथेच थांबले.

"हितं का काय न्हाई लिवलं?"

"तो वेळ चालण्यात जातो."

दादाने पान मिटून माझ्या हातात दिले. मग म्हणाला, "तू येऊ नगंस. पीठ म्या आणून देतो."

तीन आठवडे तो डोक्यावर गाठोडे घेऊन बाजाराच्या दिवशी येत राहिला. मी रकाने भरले, अभ्यास मात्र झाला नाही. रविवारी पुस्तक उघडले की घरचे आठवायचे. दुपारी झोपायचो, नाहीतर नदीवर जाऊन बसायचो.

तिसऱ्या खेपेला दादा आला तेव्हा त्याच्या पायाला चिंधी बांधलेली होती. वाटेत ठेच लागून नख उचकटले होते.

"झाला का रविवारचा अभ्यास?" त्याने विचारले.

"झाला," मी म्हणालो. पण त्या चिंधीकडे बघवेना. "नाही रे दादा. मन लागत नाही. उगाच तुला चालवलं."

मला वाटले रागावेल. तो पाय चोळत म्हणाला, "आरं, मग येत जा की. आय बी वाट बघती. चालताना तोंड तर मोकळंच असतंय न्हवं?"

पुढच्या शनिवारपासून मी वाटेने भूमितीचे सिद्धांत मोठ्याने म्हणत चालू लागलो. अडलो की खाली बसून काटकीने मातीत त्रिकोण काढायचो. एकदा लाकडाची मोळी घेतलेल्या एका म्हाताऱ्याने थांबून विचारले, "कसला मंतर म्हंतूस रं? इंचू उतरवायचा का?"

"मॅट्रिकचा," म्हटले.

"त्यो उतरतो व्हय?"

मी पास झालो, गणितात काठावरच. आता पुण्याचे कॉलेज. निकाल घेऊन घरी गेलो तेव्हा दादा खाचरात बांध घालत होता. हात धुऊन वर आला आणि पाठीवर थाप मारली.

"पुण्यास्नं आता किती दिसांनी येशील?" त्याने विचारले.

दर महिन्याला, असे मी सांगितले. त्या वर्षी दोनदाच जमले.